हाताचा एक्झिमा, पॅराफिनचं मलम आणि भिरंडेल: शिमग्यापासून चवथीपर्यंतचा अनुभव

ऐन चवथीच्या तोंडावर मलमाच्या ट्यूबचं झाकण उभं चिरलं. फार्मसीवाला म्हणाला, "बाय, आतलं मलम चांगलं आहे ना? मग झालं तर!" कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन केला, तर त्यांना बॅच नंबर हवा. तो ट्यूबच्या शेपटावर छापलेला, आणि शेपूट मी काटकसरीने पिळून पिळून कधीच गुंडाळलेलं. उलगडून नंबर दिला, मग बिल मागितलं. औषधाचं बिल इतके महिने कोण जपतो?

झाकणाचं एवढं काय, असं वाटेल. पण मलम हातालाच लावायचं असतं तेव्हा झाकण हाच अर्धा उपचार. डॉक्टरांनी सांगितलेलं सोपं होतं: दर वेळी हात धुतले की पुसून लगेच पॅराफिनचं साधं मलम, रात्री मोमेटासोन (स्टेरॉइडचं मलम), आणि हात निवळले की मोमेटासोन आठवड्यातून दोनदाच. स्टेरॉइडचं माप म्हणजे तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत रेघ. ते साधारण अर्धा ग्रॅम होतं आणि एका हाताच्या दोन्ही बाजूंना पुरतं. हाच हिशोब साध्या मलमाला लावा. दिवसातून दहादा हात धुणाऱ्या बाईला शंभर ग्रॅमची ट्यूब दहा दिवस पुरेल. म्हणजे झाकण रोज दहादा उघडायचं, तेही भेगाळलेल्या बोटांनी, आणि तेलकट बोटांनी दहादा लावायचं. आट्यांत मलम भरतं, झाकण निसटतं, ओट्याखाली जातं. तिसऱ्या खेपेला माणूस म्हणतो, जाऊ दे, रात्री लावू. आणि रात्री भेग फुटते.

शिमग्याच्या सुमारास सासूबाईंनी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून भिरंडेलाचा, म्हणजे कोकमाच्या बियांच्या घट्ट तेलाचा, गोळा आणला. टाचांच्या भेगांना आपल्याकडे सगळेच लावतात. तेव्हा माझं मत अगदी वाईट होतं. दगडासारखं कडक, घासलं की खरखरीत, दुखऱ्या कातडीवर तर नकोच. मैत्रिणीला मी "पैसे वाया" असं कळवूनही टाकलं होतं.

पावसाळ्यात ते मत बदललं. गोळा किसून, खोबरेल घालून मंद आचेवर वितळवला आणि रुंद तोंडाच्या बरणीत ओतला. थिजल्यावर मऊ लोण्यासारखा झाला. वास नाही, रंग नाही, आणि मुख्य म्हणजे आटे नाहीत! बरणी ओट्यावर, वर नुसती ताटली. पाणी आत जाऊ नये म्हणून कोरडा चमचा ठेवते. ओली बोटं घालू नका, खराब होतं. खोबरेलाला तर अभ्यासाचाही थोडा आधार आहे. फिलिपीन्समध्ये एक्झिमा असलेल्या मुलांवर व्हर्जिन खोबरेल खनिज तेलापेक्षा सरस ठरल्याचं २०१४ साली प्रसिद्ध झालं. ती मुलं होती, माझे हात नव्हेत, आणि माझं खोबरेल घाण्याचं. पण स्वस्त तर आहे.

तरी हे औषध नव्हे. बारीक पाण्याचे फोड उठतात तेव्हा भिरंडेल नुसतं वर बसून राहतं. तिथे मोमेटासोनच लागतं. शेजारच्या काकींनी बिब्बा सुचवला. तो नकोच. बिब्बा, काजू आणि आंबा एकाच कुळातले. काजूच्या टरफलाच्या तेलाने कातडी भाजते हे बिया भाजणाऱ्या कुणालाही विचारा. माझे हात दर वर्षी काजूच्या मोसमातच बिघडतात. लिंबूही नको, रस लावून उन्हात गेलं की काळे डाग पडतात. खाजेवरचं तीन औषधांचं मिश्र मलमही परस्पर घेऊ नका. त्यात बहुतेक वेळा कडक स्टेरॉइड असतं, आणि खाज नायट्याची निघाली तर तो वर दबतो आणि आत पसरतो.

खरी करामत डॉक्टरांच्या नजरेची. डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट एवढंच जास्त चिरलेलं बघून त्यांनी विचारलं, "लसूण कोण सोलतं?" सोललेली पाकळी याच तीन बोटांत धरून आपण चिरतो. लसूण नवऱ्याकडे गेली आणि ती बोटं बरीच निवळली. सुंगटं (कोळंबी) सोलणं अजून माझ्याकडेच आहे. आत सुती, वर रबरी हातमोजे घालते, पण सुंगटाच्या डोक्याचा काटा रबराला भोक पाडतो आणि आपल्या हवेत आत घाम साचतो. सुती जोडी लगेच बदलायची, नाहीतर उपाय उलटतो. हातमोज्यांना पाचपैकी दोन गुण.

आता टॅक्रोलिमस (स्टेरॉइड नसलेलं मलम) सुरू आहे. सुरुवातीला जळजळ झाली. फ्रिजमध्ये ठेवून लावल्यावर सोसवते. लहानशा ट्यूबची किंमत बघून मी ते नाचणीच्या दाण्याएवढं लावत होते, डॉक्टर वाटाण्याएवढं म्हणतात. तूर्त हरभऱ्यावर तडजोड आहे.