कॅरव्हॅनमधला हिवाळा: आल्मेरिया, सिसिली की पेलोपोनीज?

आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याने निवृत्तीनंतर जुनी कॅरव्हॅन घेतली, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर. राहतात आमच्यासारखेच जर्मनीत, स्टुटगार्टजवळ. परवा फोन आला, "पहिला हिवाळा भूमध्य समुद्रावर काढायचाय, कुठे जाऊ?" आम्ही दोघांनी तीन हिवाळे तीन वेगवेगळ्या किनाऱ्यांवर काढलेत, त्यामुळे बोलणं तासभर लांबलं. तेच इथे नीट मांडते, कारण हा प्रश्न आता बऱ्याच मराठी घरांतून येतो.

आधी नकाशावर पट्टी ठेवून पाहा. स्पेनमधलं आल्मेरिया, इटलीतल्या सिसिली बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरचं पुंता ब्राच्चेत्तो आणि ग्रीसच्या पेलोपोनीजमधलं फिनिकुंदा ही तिन्ही ठिकाणं जवळपास एकाच रेषेवर येतात, ३६.८ अंश उत्तर. जानेवारीत दुपारी साधारण १५ ते १७ अंश आणि रात्री ७-८, हे तिन्हीकडे सारखंच. त्यामुळे नुसत्या तापमानाचे आकडे घेऊन बसलात तर काहीच ठरणार नाही. खरा फरक पडतो तो पावसात, संध्याकाळच्या उजेडात आणि अंधार पडल्यावर शेजारी कोण आहे यात.

उजेडाचं आधी सांगते, कारण त्याचा विचार कुणी करत नाही. २१ डिसेंबरला तिन्हीकडे दिवस साडेनऊ तासांहून थोडा मोठा. पण घड्याळं वेगळी आहेत. स्पेन इतक्या पश्चिमेला असूनही त्याचं घड्याळ जर्मनीचंच, म्हणून आल्मेरियात सूर्य मावळतो सहाला दोन-चार मिनिटं असताना. सिसिलीत तो पाचच्या आधीच बुडतो आणि फिनिकुंदात पाच-वीसच्या सुमारास. ज्याला सकाळी सहाला उठून फिरायची सवय आहे त्याला आल्मेरिया जड जाईल, तिथे उजाडायला सव्वाआठ होतात. पण कॅरव्हॅनच्या दोन-अडीच मीटर रुंद खोलीत संध्याकाळ काढायची असते, तेव्हा तो जास्तीचा एक तास बाहेर खुर्ची टाकून बसायला मिळणं फार मोठी गोष्ट आहे. आम्हाला तो तास सिसिलीत रोज आठवायचा.

आता पाऊस. आल्मेरिया युरोपातल्या सर्वांत कोरड्या भागांपैकी एक, वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर. आपल्या माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यातही याहून बराच जास्त पडतो. उलट फिनिकुंदा ज्या मेसिनिया भागात येतं, तिथल्या कालामाटा शहरात वर्षाला साडेसातशे मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, म्हणजे पुण्याइतका. फक्त पुण्यात तो जून ते सप्टेंबर पडतो आणि इथे नोव्हेंबर ते जानेवारी, नेमका आपण तिथे असतो तेव्हा. सिसिलीचा दक्षिण किनारा या दोघांच्या मधला.

पावसाचा त्रास बाहेर भिजण्याचा नाही, आत ओल साठण्याचा आहे. दोन माणसं झोपतात, श्वास घेतात, सकाळी चहा होतो, दुपारी कुकरच्या तीन शिट्ट्या होतात. ही सगळी वाफ जाणार कुठे? थंड काचेवर आणि पत्र्यावर बसते. फिनिकुंदातल्या दुसऱ्या आठवड्यात मी चादर बदलायला गादी उचलली, तर खालचा प्लायवूड हाताला गार आणि ओलसर लागला. कोपऱ्यात, भिंतीला गादी टेकते तिथे, मोहरीएवढे काळे ठिपके उठले होते. बाहेर पाच दिवस सलग पाऊस, त्यामुळे उन्हात काही टाकायची सोय नाही. तेव्हापासून गादीखाली हवा खेळती ठेवणारी जाळीची चटई घालतो, कुकर कॅरव्हॅनला जोडलेल्या बाहेरच्या तंबूत लावतो, सकाळी काचा फडक्याने पुसून छताची खिडकी दहा मिनिटं सताड उघडतो, मग भले थंडी आत येवो. आल्मेरियात याची गरज क्वचित लागली. तिथली हवाच कपडे वाळवते.

अर्थात आल्मेरियाला स्वतःची दुखणी आहेत. एक वारा. काबो दे गाता भूशिराच्या बाजूला पूर्वेचा लेवांते सुटला की बाहेरचा तंबू दोराने पक्का बांधल्याशिवाय झोप लागत नाही. दुसरं म्हणजे प्लास्टिक. एल एहिदोसह आल्मेरिया प्रांतात सुमारे ३०,००० हेक्टर जमीन पांढऱ्या हरितगृहांखाली आहे. युरोपभर हिवाळ्यात जाणारे टोमॅटो, मिरच्या, काकड्या इथल्या. डोंगरावरून पाहिलं की समुद्र कुठे संपतो आणि प्लास्टिक कुठे सुरू होतं ते कळत नाही. निसर्गासाठी जाणाऱ्याने हे माहीत असूनच जावं. तिसरी गोष्ट गंभीर आहे. या कोरड्या प्रदेशात पाऊस येतो तेव्हा एकदम येतो. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी याच किनाऱ्यावर, वर वलेन्सिया भागात आलेल्या पुरात दोनशेहून जास्त माणसं गेली. कोरड्या नदीपात्राला तिथे 'रांबला' म्हणतात. जागा कितीही सुंदर असो, रांबलात किंवा तिच्या काठावर कॅरव्हॅन लावू नका. ऑक्टोबरऐवजी नोव्हेंबरच्या मध्यावर पोहोचा.

रस्त्याचा हिशोब असा. कॅरव्हॅन ओढताना जर्मनीत ८० ची मर्यादा, वेगळा परवाना घेतला तर १००. दिवसाला चारशे किलोमीटर धरा, त्याहून जास्त केलं की माणूस थकतो आणि चुका करतो. स्टुटगार्टहून आल्मेरिया सुमारे २,००० किलोमीटर, म्हणजे पाच दिवस, पण सगळा रस्ता जमिनीवरून आणि सरळ. फ्रान्समधल्या ऱ्होन नदीच्या खोऱ्यात मिस्त्राल हा जोराचा उत्तरी वारा असेल तर एक दिवस थांबा. फ्रेंच सीमेपासून आलिकान्तेपर्यंतच्या एपी-७ महामार्गाचा टोल २०२० आणि २०२१ मध्ये निघाला, त्यामुळे स्पेनमधला प्रवास पूर्वीपेक्षा स्वस्त झालाय. सिसिलीचं अंतरही तेवढंच, पण वाटेत आल्प्स आहे, इटलीचा टोल आहे (सालेर्नोच्या खालचा ए-२ मात्र फुकट) आणि शेवटी मेसिनाच्या सामुद्रधुनीवर छोटी बोट. ग्रीससाठी अंकोनाहून इगुमेनित्सा किंवा पात्राची बोट, एक रात्र आणि दुसरा निम्मा दिवस. भाडं लांबीवर ठरतं, त्यामुळे गाडी अधिक कॅरव्हॅन हे गणित जड जातं. उन्हाळ्यात उघड्या डेकवर आपल्याच गाडीत झोपायची मुभा असते, ती हिवाळ्यात नसते. केबिनचे पैसे वेगळे धरा.

आणि माणसं. स्पेनच्या किनाऱ्यावर, बेनिदोर्मपासून आल्मेरियाजवळच्या रोकेतास दे मारपर्यंत, हिवाळा काढणाऱ्यांची गावंच वसतात. डच, जर्मन, ब्रिटिश जोडपी दरवर्षी त्याच जागेवर येतात. पेतांक (धातूचे गोळे फेकायचा खेळ), स्पॅनिशचा वर्ग, बुधवारचा बाजार. कुणाचा नळ गळला तर दुरुस्त करणारा शेजारी असतो. बेनिदोर्महून आलिकान्तेपर्यंत ट्राम जाते, गाडी काढायला लागत नाही. किराण्याची चिंता नको: हरितगृहांत राबणाऱ्या मोरोक्कन कामगारांमुळे रोकेतासच्या बाजूला कोथिंबीर, डाळी, हिरव्या मिरच्या सहज मिळतात. ज्यांना एकांत हवा त्यांना मात्र ही गर्दी दोन आठवड्यांत नकोशी होते.

पुंता ब्राच्चेत्तोत वर्षभर चालू असणारे कॅम्पिंग, म्हणजे कॅरव्हॅन लावायचे तळ, थोडेच, आणि गाव उन्हाळ्याचं असल्याने हिवाळ्यात सुनसान. पण तासाभराच्या परिघात रागूसा, मोदिका, शिक्ली अशी दगडी गावं आहेत. १६९३ च्या भूकंपानंतर ती नव्याने बांधली गेली आणि आज जागतिक वारशात आहेत. डिसेंबर ते मार्च लाल गराची संत्री, ३ ते ५ फेब्रुवारीला कातानियात सांता आगाताची जत्रा. ज्याला रोज काहीतरी पाहायला, खायला, ऐकायला हवं त्याला सिसिलीसारखी जागा नाही. मसाले संपले की पालेर्मोचा बाल्लारो बाजार आहे, बांगलादेशी आणि श्रीलंकन दुकानांसकट, पण तो दिवसभराचा फेरा होतो.

मन मात्र माझं ग्रीसमध्ये अडकलं. जानेवारीत कोरोनेइकी जातीच्या ऑलिव्हची तोडणी संपत आलेली असते, गावात घाणे चालू असतात आणि हवेत ताज्या तेलाचा हिरवट, तिखट वास असतो. संक्रांतीला मी तीळ शोधत एका दुकानात गेले. बाईंनी समोर पास्तेली ठेवली. तीळ आणि मध, पातळ लाटून कापलेली, अगदी आपली तिळाची वडी. तिच्या दोन वड्या शेजारच्या ऑस्ट्रियन आजोबांना नेऊन दिल्या आणि गोड बोला म्हटलं. पण हेही सांगायला हवं की तिथे बहुतेक खानावळी बंद असतात, कॅम्पिंगवर पाच-सहा गाड्या आणि कालामाटाचं रुग्णालय तासाभराहून लांब. ह्यांची रक्तदाबाची गोळी बदलायची वेळ आली तेव्हा ते अंतर जाणवलं.

कागदपत्रांचं थोडक्यात. जर्मन पासपोर्ट असेल तर प्रश्न नाही, फक्त एका देशात सलग तीन महिन्यांपेक्षा जास्त राहिलात तर तिथे नोंदणीचे नियम लागतात. पासपोर्ट भारतीय आणि जर्मनीचा कायम वास्तव्याचा परवाना असेल, तर बाकीच्या शेंगेन देशांत मिळून १८० पैकी ९० दिवसच. वाटेतले फ्रान्समधले दिवसही त्यात धरले जातात. इंग्लंडातल्या ब्रिटिश पासपोर्टवाल्या मराठी मंडळींनाही ब्रेक्झिटनंतर हाच ९० चा हिशोब आहे. युरोपीय आरोग्यकार्ड तिन्ही देशांत चालतं.

गॅस आणि वीज तिन्हीकडे सारखीच डोकेदुखी. जर्मन सिलिंडर बाहेर बदलून मिळत नाही, म्हणून ११ किलोचे दोन प्रोपेनचे भरून न्या आणि जोडणीचे अडॅप्टर बरोबर ठेवा. कॅम्पिंगवर ६ अँपिअरची जोडणी असेल तर जेमतेम १,४०० वॉट मिळतात. हीटर आणि किटली एकदम लावली की फ्यूज गेलाच. १० अँपिअर आहे का, आणि वीज मीटरवर वेगळी आहे का, हे जागा घेण्याआधी विचारा.

मग त्या जोडप्याला काय सांगितलं? पहिला हिवाळा असेल, कॅरव्हॅन जुनी असेल आणि दोघांपैकी एकाला जरी नियमित औषधं असतील, तर आल्मेरिया. कोरडी हवा, जवळ शहर, अडीअडचणीला शेजारी. दुसऱ्या वर्षी, कॅरव्हॅन कुठे गळते ते कळल्यावर, सिसिली. फिनिकुंदाला जायचं तर फेब्रुवारी-मार्चमध्ये, पावसाचा जोर ओसरल्यावर; तेव्हा माळ फुलांनी भरलेले असतात. त्या जोडप्याने रोकेतासच्या बाजूला २० नोव्हेंबरपासून जागा मागितली आहे. जानेवारी-फेब्रुवारीच्या जागा तिथे उन्हाळ्यातच भरतात, म्हणून उशीर करू नका. जागा मागताना एवढं नक्की लिहा: दार आग्नेयेला हवं आणि त्या बाजूला पाइनचं झाड किंवा उंच कुंपण नको. सकाळचं ऊन सरळ आत यायला हवं.