शिकाऊ समुपदेशक की आधारगट?

मनाच्या त्रासावर मदत हवी असेल आणि खिशात पैसे कमी असले की दोन दरवाजे त्यातल्या त्यात परवडतात: मानसशास्त्र शिकवणाऱ्या संस्थेतला शिकाऊ समुपदेशक आणि सारख्याच त्रासातून जाणाऱ्यांचा आधारगट.

'शिकाऊ' म्हटलं की लोक बिचकतात. माझ्या मते उगाचच. त्याच्या कामावर अनुभवी तज्ज्ञाची देखरेख असते, म्हणजे कमी फीमध्ये दोन डोकी तुमच्या अडचणीवर चालतात. पाऊण तास फक्त तुमचा. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ आरन बेक यांनी १९६०च्या दशकात मांडलेल्या बोधात्मक उपचारपद्धतीत, म्हणजे त्रासदायक विचार तपासून बदलायला शिकवणाऱ्या पद्धतीत, तर घरी करायचा अभ्यासही असतो, त्यामुळे ती थोड्या सत्रांत बसते. खरी अडचण वेगळीच आहे. अभ्यासक्रम संपला की समुपदेशक निघून जातो. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा, 'तुम्ही इथे किती महिने आहात?' उत्पन्न पाहून फी कमी होते का, हेही तेव्हाच विचारा. लाजायचं कशाला?

आधारगट बहुतेकदा मोफत. १९३५ साली सुरू झालेल्या, दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसमध्ये आजही सभासद फी नाही. 'हे फक्त मलाच होतंय' हा समज तिथे चटकन गळून पडतो. पण गटात तज्ज्ञ असेलच असं नाही, आणि गुप्तता सगळ्यांच्या शब्दावर टिकते.

व्यसन किंवा एकटेपणा असेल तर मी आधी गट बघेन. मनावर जुना आघात असेल तर समुपदेशक. औषधं मात्र दोन्हीकडे मिळत नाहीत, त्यासाठी डॉक्टरच लागतो, शक्यतो मानसोपचारतज्ज्ञ. आणि जीव द्यावासा वाटत असेल तर यातलं काहीच शोधत बसू नका, थेट जवळच्या रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठा.