चाच्यांच्या टोळीत विद्यार्थी, पोलिसांत पालक

न्यू जर्सीतील आमच्या गावच्या हौशी नाट्यसंस्थेने हायस्कूलच्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन केलेला ‘द पायरेट्स ऑफ पेन्झान्स’ या गीतकार गिल्बर्ट आणि संगीतकार सलिव्हन यांच्या विनोदी ऑपेराचा प्रयोग गेल्या शनिवारी शाळेच्या सभागृहात पाहिला. ३१ डिसेंबर १८७९ रोजी न्यूयॉर्कमध्ये रंगभूमीवर आलेल्या या ऑपेराचे स्वामित्वहक्क केव्हाच संपले असल्याने प्रयोगासाठी मानधन मोजावे लागत नाही, शिवाय चाचे, मेजर जनरलच्या मुली आणि पोलीस अशी तीन मोठी गायकवृंदे त्यात आहेत. शाळांना तो सोयीचा वाटतो तो यामुळेच.

तरीही निव्वळ विद्यार्थ्यांच्या प्रयोगात यातला निम्मा विनोद हरवतो, कारण तो वयावर उभा आहे. ‘पायलट’ (जहाजाचा वाटाड्या) ऐवजी ‘पायरेट’ ऐकून लहानग्या फ्रेडरिकला चाच्यांकडे उमेदवारीला ठेवणारी दाई रूथ ४७ वर्षांची आहे, आणि आठव्या वर्षापासून दुसऱ्या स्त्रीचे तोंडही न पाहिलेला फ्रेडरिक तिला सुंदर समजून बसला आहे. सोळा वर्षांची मुलगी पांढरा टोप घालून रूथ म्हणून उभी राहिली, तर या प्रसंगात हसण्यासारखे काय उरणार? येथे ही भूमिका संस्थेतील एका प्रौढ अभिनेत्रीने केली आणि तिच्या पडलेल्या चेहऱ्याला फ्रेडरिक झालेल्या सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याचा भाबडेपणा नेमका भिडला. भित्र्या पोलिसांना लागणारा खर्जही पालकांनीच पुरवला. फ्रेडरिकचा जन्म २९ फेब्रुवारीचा, म्हणून वय २१ असूनही वाढदिवस पाचच, हा घोळ उलगडणारे तिघांचे गाणे तर इतके रंगले की मराठी नाट्यगृहात त्याला हमखास वन्समोअर मिळाला असता.

मेजर जनरलच्या मुलीचे, मेबलचे काम करणाऱ्या विद्यार्थिनीने वरच्या पट्टीतल्या ताना जपून घेतल्या, पण एकही स्वर ढळू दिला नाही.

खरी निराशा ध्वनिव्यवस्थेने केली. मेजर जनरलच्या सुप्रसिद्ध गाण्याची सारी मौज भरधाव शब्दांत असते आणि तेच शब्द वाद्यवृंदाखाली दबून गेले. गायकाचे उच्चार स्वच्छ होते, हे पुढच्या रांगेतल्यांना तेवढे कळले असावे. अशा वेळी पडद्यावर गीतांच्या ओळी दाखवणे अगदीच अवघड नव्हते. येत्या शुक्रवारी आणि शनिवारी आणखी दोन प्रयोग आहेत. जाणाऱ्यांनी वाद्यवृंदापासून दूरची, उजव्या बाजूची तिकिटे घ्यावीत.