बॅलन डी'ऑर की फिफा 'द बेस्ट'?

दोन्ही पुरस्कार वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचेच, पण मतपेट्या वेगळ्या.

बॅलन डी'ऑर थोरला. 'फ्रान्स फुटबॉल' नियतकालिकाने तो 1956 मध्ये सुरू केला. पहिला मानकरी स्टॅनली मॅथ्यूज. 1995 पर्यंत तो फक्त युरोपीय नागरिकत्वाच्या खेळाडूंसाठी होता, म्हणून पेलेचं नाव जुन्या यादीत शोधू नका. नियम सैलावला त्याच वर्षी लायबेरियाचा जॉर्ज वेआ जिंकला. युरोपीय क्लबमध्ये खेळण्याची अट मात्र 2007 मध्ये गेली. मतं पत्रकारांची. 2022 पासून कॅलेंडर वर्षाऐवजी हंगाम मोजतात. हे आधीच व्हायला हवं होतं.

फिफाचा वार्षिक पुरस्कार 1991 चा, पहिला मानकरी लोथार माथेउस. 2010 ते 2015 दोन्ही पुरस्कार एकत्र होते. 2016 मध्ये फारकत झाली आणि 'द बेस्ट' आला. इथे मतं राष्ट्रीय संघांचे कर्णधार, प्रशिक्षक, पत्रकार आणि चाहते यांची, प्रत्येकी 25 टक्के. अडचणही इथेच: कर्णधार ओळखीच्या, मोठ्या नावाकडे झुकतात. 2023 च्या पुरस्कारात मेस्सी आणि हालांड 48 गुणांवर बरोबरीत आले. कर्णधारांची पहिल्या पसंतीची मतं जास्त म्हणून मेस्सी जिंकला.

2020 मध्ये बॅलन डी'ऑर रद्द झाला, 'द बेस्ट' लेवांडोव्स्कीला मिळाला. 2024 मध्ये तर बॅलन डी'ऑर रोद्रीकडे, 'द बेस्ट' व्हिनिसियसकडे.

हंगामभराचा खेळ तोलायचा तर बॅलन डी'ऑरची यादी आधी पाहावी. ड्रेसिंग रूममधला दबदबा पाहायचा असेल, तर 'द बेस्ट'मधली कर्णधारांची मतं.