भरतीच्या पोरांनी कोणती मालिका बघावी? 'फौजी', 'बँड ऑफ ब्रदर्स' की 'जनरेशन किल'

अंबाजोगाईहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे साडेचारला पोरं पळत असतात. पूर्ण मार्क हवेत तर सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत मारायचे, एवढंच डोक्यात. मी मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झालो, म्हणून संध्याकाळी ओट्यावर येऊन बसतात. "काका, मालिकेत दाखवतात तशीच असते का फौज?" हा त्यांचा कायमचा प्रश्न. त्यांच्यासाठी या तीन मालिका मी नीट बसून पाहिल्या.

'फौजी' १९८९ ची, दूरदर्शनवरची. दिग्दर्शक राजकुमार कपूर स्वतः फौजेत कर्नल होते. वर्दीची ऐट, ट्रेनिंगची घासाघीस, सोबत्यांची दोस्ती यात खोट वाटत नाही. पण गोष्ट कमांडो ट्रेनिंग घेणाऱ्या तरुण अधिकाऱ्यांची आहे. लंगरची रांग, रजेचा अर्ज, घरी पेरणी अडली म्हणून झोप उडालेला शिपाई, हे सगळं कडेला राहतं. आमच्या गावांतून जाणारी बहुतेक पोरं शिपाई म्हणूनच जातात.

'बँड ऑफ ब्रदर्स' (२००१, दहा भाग) दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकेच्या एका पॅराशूट कंपनीची. नटांना आधी फौजी कॅम्पात रगडून घेतलं होतं, आणि ते त्यांच्या चालण्यात दिसतं. मला यात सगळ्यात खरा वाटला तो कॅप्टन सोबेल. पोरांना डोंगरावर पळवतो, बारीकशा चुकीवर आउटपास, म्हणजे बाहेर जायची परवानगी, रद्द करतो. त्याच्या रगड्यानं कंपनी कणखर झाली, हे मालिका लपवत नाही. पण मैदानात त्याला नकाशा वाचता येत नाही, सरावात कंपनीला भलतीकडेच नेतो. शेवटी सार्जंट लोक लेखी देतात की याच्या हाताखाली लढाईला जाणार नाही. त्याच कंपनीतला विंटर्स आवाज चढवत नाही. नॉर्मंडीत उतरल्याच्या दिवशी मोजकी माणसं घेऊन तो चार जर्मन तोफा बंद पाडतो. कोणी कुठून जायचं हे आधी सांगतो आणि स्वतः पुढे राहतो. असे साहेब मी पाहिलेत. ते जवानाच्या पायातला बूट बघायचे, फोड आलाय का विचारायचे, आणि जेवायला शेवटी बसायचे.

सातवा भाग तर अधिकारी व्हायला निघालेल्या प्रत्येकानं बघावा. फॉय गावावर हल्ला चालू असताना लेफ्टनंट डाइक मध्येच गोठतो, हुकूम सुटत नाही, आणि माणसं उघड्यावर मरू लागतात. एक चूकही सांगितली पाहिजे. ब्लाइथ नावाचा जवान १९४८ मध्ये जखमांनी गेला असं मालिका सांगते. खरं तर तो पुढेही फौजेत राहिला आणि १९६७ मध्ये वारला.

'जनरेशन किल' (२००८, सात भाग) २००३ च्या इराक चढाईची, सोबत गेलेल्या पत्रकाराच्या लिखाणावरून केलेली. रूडी रेयेस हा मरीन तर स्वतःचीच भूमिका करतो. लढाई थोडी, वाट बघणं फार. बॅटऱ्या नाहीत, बंदुकीचं तेल नाही, आणि सार्जंट मेजर मिशांवरून ओरडतोय. नुसतं थांबण्याची ही सवय कोणतीच अकॅडमी लावत नाही, आणि रोजच्या फौजी दिवसाच्या सगळ्यात जवळ हीच मालिका जाते. वरचा हुकूम चुकीचा वाटतोय आणि खाली आपली माणसं आहेत, यात सापडलेला लेफ्टनंट फिक बारकाईनं पाहा. भाषा फार शिवराळ आहे, घरात सगळ्यांसोबत लावू नका.

दोन्ही अमेरिकी मालिकांत आपला सुभेदार साहेब नाही, कारण त्यांच्या फौजेत तो हुद्दाच नाही. आपल्याकडे साहेब आणि जवान यांच्यामध्ये तोच उभा असतो. नवा लेफ्टनंट त्याच्याकडूनच पल्टन शिकतो. अग्निवीराची चार वर्षं आणि नंतर चारांतला जास्तीत जास्त एक कायम, हा घोरही यांतल्या कुठेच सापडणार नाही.

तर भरतीला जाणाऱ्यानं आधी 'जनरेशन किल' बघावी. छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेतून एनडीएकडे डोळे लावलेल्यानं 'बँड ऑफ ब्रदर्स'. 'फौजी' घरच्यांसोबत बघा, आईला धीर येतो. आणि 'बँड ऑफ ब्रदर्स'चा सातवा भाग लावाल तेव्हा बाप म्हणून शेजारी बसा. डाइक गोठतो तिथं थांबवा आणि पोराला विचारा, तू काय हुकूम दिला असतास?