विकीट्री : आडनावबंधूंच्या भरवशावर वंशावळ लावताना

वंशावळीच्या साइटचे दोन पंथ आहेत. पहिल्या पंथात ज्याचं त्याचं झाड वेगळं. तुम्ही तुमच्या पणजोबांचं पान करायचं, मी माझ्या. पणजोबा एकच निघाले तरी पानं दोन राहतात, जन्मतारखा दोन राहतात आणि कधीकधी पणज्याही दोन. दुसऱ्या पंथात सगळ्यांचं मिळून एकच झाड आणि एका माणसाला एकच पान. फॅमिलीसर्च, जेनी आणि विकीट्री या दुसऱ्या पंथातल्या. तिन्ही वापरून झाल्यावर माझं मत असं झालं आहे, की आपल्याच आडनावाच्या पण अनोळखी माणसांबरोबर काम करायचं असेल तर विकीट्री बरी. का, ते सांगते. कुठे नडते, तेही सांगते.

ख्रिस व्हिटन यांनी २००८ मध्ये ही साइट सुरू केली. खातं फुकट आहे आणि पुढे कुठेही वर्गणीचं दार आडवं येत नाही. पूर्ण सदस्य व्हायचं तर आधी एक आचारसंहिता मान्य करावी लागते: मिळून काम करू, पुरावा देऊ, लोकांचा खासगीपणा जपू, दुसऱ्याच्या कष्टांचं श्रेय त्याला देऊ, चूक दिसली तर ती मुद्दाम केलेली नाही असं धरून चालू. पहिल्यांदा वाचताना मला ती शाळेच्या पुस्तकातल्या प्रतिज्ञेसारखी वाटली, म्हणजे म्हणायची आणि विसरायची. पुढे दोन आडनावबंधूंमध्ये एका जन्मसालावरून जुंपली, तेव्हा त्यातल्या एकाने शांतपणे त्यातलंच कलम पुढे केलं आणि दुसरे गृहस्थ चक्क नरमले. तेव्हापासून मी तिला हसत नाही.

मी आयुष्यभर मुद्रितं तपासली. छापलंय म्हणून खरं, असं मानायची सवय त्या कामाने पार मोडते. त्यामुळे वंशावळ हातात आली की माझा पहिला प्रश्न ‘हे कशावरून?’ हाच असतो, आणि वंशावळ लावणाऱ्या बहुतेक माणसांना तो आवडत नाही. विकीट्रीवर हा प्रश्न विचारायला जागा करून ठेवली आहे. प्रत्येक पानावर चरित्र आणि त्याखाली आधार असे दोन भाग असतात. आधार नसलेल्या पानावर ‘अनसोर्स्ड’ अशी पाटी लावता येते. आई किंवा वडील जोडताना त्या नात्याची खात्री किती, तेही सांगता येतं: अनिश्चित, खात्रीचं, डीएनएने सिद्ध झालेलं, किंवा रक्ताचं नसलेलं. वडिलांच्या नावापुढे ‘अनिश्चित’ लिहिण्याची सोय ही मला या साइटवरची सगळ्यात सभ्य गोष्ट वाटते. घरोघरच्या वंशावळींत ती नसते. तिथे नाव असतं किंवा नसतं.

आता आडनावाचा भाग. इथे प्रत्येक आडनावाचं स्वतंत्र पान आहे आणि त्या आडनावाची सगळी उघडी पानं तिथे सापडतात. आडनावाचा टॅग अनुसरला की त्यावर कोणी प्रश्न विचारला तर आपल्याला कळतं. त्याच्या पुढची पायरी म्हणजे ‘वन नेम स्टडी’: एखाद्या आडनावाची जगातली सगळी माणसं, नात्यातली असोत वा नसोत, एकत्र नोंदवायची. हा उद्योग इंटरनेटच्या आधीचा आहे. ब्रिटनमध्ये असा अभ्यास करणाऱ्यांची ‘गिल्ड ऑफ वन नेम स्टडीज’ ही संस्था १९७९ पासून आहे. त्या लोकांची शिस्त मला आवडते. आपल्या घराण्याशी संबंध नसलेली नोंदही ते टिपून ठेवतात, कारण आज परका वाटणारा माणूस उद्या कोणाचा तरी हरवलेला काका निघतो. वेगवेगळ्या स्पेलिंगांची यादीही ते मनापासून करतात. ज्यांचं आडनाव एका लिपीतून दुसऱ्या लिपीत गेलं आहे, त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको. एकाच माणसाची तीन कागदांवर तीन स्पेलिंगं असतात आणि शोधयंत्राच्या लेखी ती तीन माणसं होतात.

पण मी या साइटच्या प्रेमात पडले ती एका नियमामुळे. पानाची ओळख जन्माच्या आडनावावरून ठरते. आडनाव, मध्ये रेघ, पुढे क्रमांक. बाईचं लग्न झालं, आडनाव बदललं, तरी तिचं पान माहेरच्या आडनावाखालीच राहतं. सासरचं आडनाव वेगळ्या रकान्यात जातं. याचा परिणाम असा, की आडनावाच्या अभ्यासात आत्या, आत्याच्या आत्या, लेकी, सगळ्या जागच्या जागी असतात. आमच्याकडे असलेल्या हातकागदावरच्या वंशावळीत पुरुषच होते. मुली जन्मल्याच नव्हत्या जणू. साइटवर पानं करायला बसल्यावर पहिल्यांदा आम्हाला विचारावं लागलं, की या माणसाला बहिणी किती होत्या? आणि कागदपत्रांचं खरं घबाड तिथेच निघालं. पणजोबांच्या धाकट्या बहिणीच्या पणतीकडे पत्रांचा गठ्ठा होता. त्या घरचं आडनाव निराळं, त्यामुळे आडनावबंधूंना तिथे बघायचं सुचलंच नसतं.

याची दुसरी बाजू अशी, की जिचं माहेरचं आडनाव ठाऊक नाही, ती ‘अननोन’ या आडनावाखाली जाते. अननोन, रेघ, क्रमांक. क्रमांक लाखांच्या घरात गेले आहेत. माझी खापरपणजी त्यातच आहे.

साधा हिशेब करून बघा. दहा पिढ्या मागे गेलात तर त्या एका पिढीत तुमचे १०२४ पूर्वज होतात (नात्यात लग्नं झाली असतील तर माणसं त्याहून कमी). आडनाव बापाकडूनच आलं असं धरलं, तरी ते ज्याच्याकडून आलं तो त्यातला एक. उरलेल्या १०२३ जणांचं काय? म्हणून आडनाव धरून शोध घेणं हा सोयीचा मार्ग आहे, पुरा मार्ग नव्हे. आणि त्या एका रेषेचीही हमी नसते. ऑक्सफर्डचे आनुवंशिकीतज्ज्ञ ब्रायन साइक्स यांनी २००० मध्ये स्वतःच्याच आडनावाच्या पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बापाकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र तपासलं, तर जवळपास निम्म्या साइक्स मंडळींचा नमुना एकसारखा निघाला. आडनावाला मूळ पुरुष एकच असावा, असा त्यांनी निष्कर्ष काढला आणि तो गाजला. मला मात्र उरलेले निम्मेच जास्त आठवतात. दत्तक, आईचं आडनाव लावणं, मालकाचं किंवा गावाचं नाव घेणं, लग्नाबाहेरचं मूल, कारणं पुष्कळ. त्यांचं आडनाव खोटं नव्हतं, रक्त निराळं होतं.

आमच्या बाबतीत झालेला एक प्रकार सांगते, कारण या साइटचा उपयोग त्यातून नीट कळतो. माझ्या आडनावाच्या एका गृहस्थांनी निरोप पाठवला, की माझ्या पणजोबांचे भाऊ म्हणून मी ज्यांचं पान केलंय ते त्यांचे खापरपणजोबा आहेत. नाव तेच, वडिलांचं नाव तेच, जन्माचं साल आसपासचं. त्यांनी दोन पानं एक करण्याचा प्रस्ताव टाकला. इथे असा प्रस्ताव आला की दोन्ही पानं शेजारी शेजारी मांडून तुलना करता येते आणि खाली चर्चा राहते. गृहस्थ फार गोड बोलणारे, मला ‘ताई’ म्हणायला लागले होते, आणि कधी न भेटलेला भाऊ मिळाल्याचा आनंद मलाही होत होता. पण माझ्याकडे त्या माणसाच्या मृत्यूची नोंद होती. त्यांच्याकडे एका खरेदीखताची प्रत होती, त्यावर साक्षीदार म्हणून त्यांच्या खापरपणजोबांची सही. मी तारीख पाठवायला सांगितली. खरेदीखत मृत्यूच्या नोंदीनंतरचं निघालं. मेलेला माणूस साक्ष देत नाही.

प्रस्ताव फेटाळला गेला, आणि ‘रिजेक्टेड मॅच’ अशी नोंद दोन्ही पानांवर कायम राहिली. पुढच्या वेळी कोणी उत्साही वंशज ही दोन माणसं एक करायला आला, तर त्याला आधी ती दिसेल. जोडण्याची सोय सगळ्याच साइट देतात. ‘ही दोन माणसं वेगळी आहेत, पुन्हा जोडू नका’ हे ठणकावून नोंदवण्याची सोय मला फार मोलाची वाटते. गृहस्थ अजून ताईच म्हणतात.

हेच वेगवेगळ्या झाडांच्या पंथात काय होतं तेही बघितलंय. पैसे घेणाऱ्या एका साइटवर आमच्या घराण्यातल्या एका बाईचं जन्मसाल तिच्या मुलाच्या जन्मसालानंतरचं आहे. कोणीतरी पहिल्यांदा चुकवलं, बाकीच्यांनी बटण दाबून आपल्या झाडात ओढलं. आता त्याच सालाची डझनावारी झाडं आहेत आणि शोध घेणाऱ्याला वाटतं, एवढे लोक म्हणतात म्हणजे असेल. मी त्यातल्या काहींना लिहिलं. उत्तर नाही. वंशावळीतली खोटी गोष्ट दीर्घायुषी असते. गुस्ताव्ह अंजू नावाच्या भामट्याने गेल्या शतकाच्या सुरुवातीला श्रीमंत अमेरिकनांना घराण्यांचे बनावट इतिहास करून विकले. तो १९४२ मध्ये वारला, त्याच्या वंशावळींतले काल्पनिक पूर्वज मात्र पुढेही लोकांच्या झाडांवर चढत राहिले.

डीएनएबद्दल थोडक्यात. विकीट्री स्वतः चाचणी करत नाही आणि तुमचा कच्चा डेटा मागतही नाही. कोणी कुठली चाचणी केली एवढंच नोंदवायचं, मग ती चाचणी ज्या ज्या पूर्वजांना लागू पडते त्यांच्या पानांवर ते आपोआप दिसतं. आडनावाच्या कामाला वाय गुणसूत्राची चाचणी लागते, ती पुरुषालाच देता येते. फॅमिलीट्रीडीएनए या कंपनीकडे आडनावांचे गट आहेत. मी भावाला विचारलं. तो म्हणाला, ‘माझं एकट्याचं असतं तर दिलं असतं गं, पण हे मुलांचंही आहे.’ मला ते पटलं. २०२३ मध्ये ट्वेंटीथ्री अँड मी या डीएनए चाचणी करणाऱ्या कंपनीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरांच्या हाती गेली, आणि ती मुख्यतः नातेवाईक शोधून देणाऱ्या सोयीतूनच गेली. चोरांनी थोडी खाती फोडली, बाकीचे त्यांच्याशी जुळलेले म्हणून सापडले. जनुकीय माहिती एकट्याने द्यायची म्हटली तरी ती एकट्याची नसते.

खासगीपणाचे नियम वाचूनच पानं करावीत. पानांना सात पातळ्या आहेत. हयात माणसाचं पान सर्वांसाठी पूर्ण खुलं ठेवता येत नाही. उलट, जन्माला १५० वर्षं किंवा मृत्यूला १०० वर्षं होऊन गेली असतील, तर पान खुलंच ठेवावं लागतं. म्हणजे खापरपणजोबांच्या पानावर तुमची मालकी नाही. तुम्ही फार तर त्याचे व्यवस्थापक. परका सदस्य येऊन त्यात बदल करू शकतो. प्रत्येक बदल कोणी, कधी केला याची नोंद राहते, तरी ज्यांना ‘आमचा माणूस, आमचं पान’ असं वाटतं त्यांनी इथे येऊच नये. मनस्ताप होईल. १७०० पूर्वी जन्मलेल्यांच्या पानांना हात लावायचा तर आधी एक छोटी प्रश्नपत्रिका सोडवावी लागते. राजेरजवाड्यांशी नातं जोडायला निघालेल्यांचा वेग तिथे जरा कमी होतो, हे उत्तमच.

नडतं कुठे? कारभार मुख्यतः इंग्रजीत आहे, त्यामुळे ज्यांच्या आठवणीत खरी माहिती आहे त्या वडीलधाऱ्यांना थेट लिहायला लावणं अवघड. मी त्यांच्याशी फोनवर बोलून आपणच लिहिते, आणि आधारात ‘अमुक नात्याच्या व्यक्तीने तोंडी सांगितलेलं, अमुक साली’ असं नोंदवते. चरित्र लिहायला विकीची चिन्हं वापरावी लागतात. विकिपीडियावर कधी संपादन केलं असेल तर अडणार नाही, नाहीतर सुरुवातीला कंसांच्या जंगलात हरवायला होतं. दिसायला साइट जुनाट आहे. फॅमिलीसर्चकडे जुन्या दस्तांच्या छायाप्रतींचा जो अफाट साठा आहे, तसा इथे नाही. म्हणून मी दस्त तिकडे शोधते आणि निष्कर्ष इकडे लिहिते. तयार वंशावळ जेडकॉम फाइलमधून (एका प्रोग्राममधली वंशावळ दुसऱ्यात नेण्यासाठीची ठरावीक प्रकारची फाइल) चढवता येते, पण साइट प्रत्येक माणूस आधीच्या पानांशी ताडून बघायला लावते. लोक याला कंटाळतात. मला हा कंटाळा योग्य वाटतो.

आपल्या यादीतल्या पानांची जेडकॉम फाइल परत उतरवूनही घेता येते, तेव्हा सगळं काम एका साइटच्या हवाली केल्याची धाकधूक नको. मी ती अधूनमधून उतरवते आणि चुलत भावाला पाठवते. तो उघडून बघत नाही, पण कुठे ठेवलीय ते विचारलं की लगेच सांगतो.