सुका कचरा, इंदूर: सहकारी संस्था काढावी की स्वतःची कंपनी?

आमच्या बचत गटातल्या बायका सुका माल निवडतात आणि गेली आठ वर्षं त्यांची वही मी लिहिते. त्यामुळे सुदामानगर, लोकमान्यनगरकडची मराठी मुलंमुली आणि इतर गटांतल्या ताया मला एकच प्रश्न विचारतात: या धंद्यात उतरायचं तर संस्था काढायची की कंपनी?

आधी माल कुठून येणार ते बघा. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पुण्याची ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची संस्था असते. तिथे 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. पुढे त्यातूनच वेचकांच्या स्वतःच्या मालकीची ही सहकारी संस्था झाली आणि 2008 मध्ये महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलू लागली. दारावरचं शुल्क वेचकांचं, सुका माल विकून येणारा पैसाही त्यांचाच. इंदुरात हे दार आपल्यासाठी उघडं नाही. घरचा कचरा निगमची, म्हणजे महापालिकेची, गाडी नेते. ओला कचरा देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्रकल्पात जातो, तिथे त्याचा गॅस होतो. फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पाची क्षमता रोज 550 टनांची आहे. म्हणजे पुण्याचा नमुना इथे जसाच्या तसा बसत नाही. आपल्या वाट्याला येतो तो सियागंजच्या दुकानांतला पुठ्ठा, क्लॉथ मार्केटमधली पन्नी म्हणजे पातळ प्लास्टिक, भंवरकुआच्या होस्टेलांतल्या बाटल्या आणि लग्नसराईत मंगल कार्यालयांचा माल.

हा माल निवडण्याच्या कामात मी डोळे मिटून सहकारी संस्थेच्या बाजूने आहे. पाण्याची साधी बाटली घ्या. बाटली पेट नावाच्या प्लास्टिकची, झाकण दुसऱ्या प्लास्टिकचं, लेबल बहुतेकदा तिसऱ्याच. आमच्याकडे एक मावशी आहेत, त्या पिशवी मुठीत चुरगाळतात आणि कानाने ओळखतात. कुरकुर वाजली तर एका ढिगात, मऊ दबली तर दुसऱ्या. मिसळलेल्या मालाला आणि निवडलेल्या मालाला बाजारात एक भाव कधीच मिळत नाही, आणि हा फरक मावशींच्या हातातून निर्माण होतो. कंपनीत त्यांना रोजी मिळेल. संस्थेत त्या सभासद असतील, सर्वसाधारण सभेत त्यांचं एक मत असेल आणि वर्षअखेरच्या नफ्यात वाटा असेल.

पण संस्था अडते ती पैशाच्या थांब्यावर. ठोक व्यापारी महिना-महिना रक्कम लांबवतो आणि निवडणाऱ्या बाईला संध्याकाळी घरी पीठ न्यायचं असतं. एका पावसाळ्यात आमच्या पुठ्ठ्याच्या गाठी पोचल्यावर व्यापाऱ्याने ओलावा म्हणून वजन कापलं. आमच्याकडे आमच्या काट्याची पावतीच नव्हती, भांडणार कशाच्या जोरावर? तीन आठवडे मजुरी अडकली आणि दोघी गट सोडून गेल्या. त्यांची आठवण अजून येते. तेव्हापासून माल निघण्याआधी आम्ही इथेच वजन करतो आणि गाडीवाल्याची सही घेतो.

यंत्राचं काम काढायचं असेल तर मात्र कंपनीच बरी. बाटल्यांचे तुकडे करून ते धुवायचे, मग पाण्याच्या टाकीत पेट तळाला बसतं आणि झाकणांचे तुकडे वर तरंगतात, ते गाळून काढायचे. त्याला जागा, थ्री-फेज वीज, पाणी, प्रदूषण मंडळाची परवानगी आणि खेळतं भांडवल लागतं. उधारी झेलायची ताकद लागते. भाव घसरला की त्याच दिवशी निर्णय घ्यावा लागतो, सभा बोलावून चालत नाही. शिवाय 2022 च्या नियमांनी प्लास्टिक पॅकिंग वापरणाऱ्या कंपन्यांवर ते परत गोळा करून प्रक्रिया करण्याची जबाबदारी टाकली आहे. ती पार पाडल्याचं दाखवायला या कंपन्या प्रमाणपत्रं विकत घेतात आणि ती नोंदणीकृत प्रक्रिया करणाऱ्याच्याच नावाने निघतात. नुसती निवड करणाऱ्या संस्थेच्या हाती ती येत नाहीत. हा मोठा पैसा आहे आणि तो यंत्राच्या बाजूला जातो, हे मला मनापासून खटकतं.

चिप्सच्या पाकिटांवर धंदा उभारू नका, त्यांना घेणारा सहज मिळत नाही. भंगार धातूत जाणार असाल तर आधी सीएला विचारा. ऑक्टोबर 2024 पासून नोंदणी नसलेल्या माणसाकडून धातूचं भंगार घेतलं, तर त्यावरचा जीएसटी नोंदणीकृत खरेदीदाराला भरावा लागतो. त्यामुळे छोट्यांचा माल घेताना तो हात आखडता घेतो.

तुम्ही बऱ्याच जणी एकत्र असाल, हातात कसब असेल आणि भांडवल नसेल, तर संस्था काढा. तुम्ही एकटे असाल, घरचा किंवा बँकेचा पैसा असेल आणि यंत्राची आवड असेल, तर कंपनी काढा. उद्यम नोंदणीला, म्हणजे छोट्या उद्योगाच्या सरकारी नोंदणीला, पैसे लागत नाहीत, मुद्रा कर्जासाठीही अर्ज करता येतो. पण निवडलेला माल बायकांच्या संस्थेकडून घ्या, भाव कागदावर ठरवा आणि पंधरा दिवसांत पैसे द्या. मला स्वतःला हीच जोडी इंदुरात हवी आहे.

आणि काहीही नोंदवण्याआधी एक महिना पाच दुकानांचा माल रोज तोला. पुठ्ठा किती, पेट किती, पन्नी किती, फेकावं लागलं किती, असे चार रकाने पाडून वही भरा. ती घेऊन माझ्याकडे आलात तर मी तुमच्याबरोबर बसून हिशेब मांडीन.